आठ मुलांची टक्केवारी

दहावीचा निकाल लागला की कोकणातल्या वर्तमानपत्रांना मथळा शोधावा लागत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं वेगळं विभागीय मंडळ २०१२ साली सुरू झालं आणि तेव्हापासून पहिला नंबर कोकणाचाच. २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला, कोकणाचा ९९.०१. पुढच्या वर्षी राज्य ९४.१० वर उतरलं; कोकण ९८.८२ वर टिकून राहिलं. याचा अभिमान वाटला तर गैर काहीच नाही. पण या आकड्याला 'ही मुलं शिकली कशी?' एवढंच विचारून बघा, तो गप्प बसतो. शंभरातली नव्याण्णव पास झाली, इतकं तो सांगतो. अपूर्णांकांचा भागाकार त्यांतल्या किती जणांना उमजला, किती जणांनी रीत पाठ केली आणि ज्यांना उमजला त्यांना तो नेमका कुठल्या घडीला, बाईंनी काय केल्यावर उमजला, हे त्याच्या पोटात नाही. शिवाय एक अडचण आहे. जवळजवळ सगळेच पास व्हायला लागले की त्या आकड्याने चांगल्या शिकवण्यातला आणि बऱ्या शिकवण्यातला फरकही दिसेनासा होतो.

हे पुस्तक त्या न सांगितलेल्या गोष्टीविषयी आहे. शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या मुलांचं शिकणं बारकाईने पाहायचं, त्यावरून आपलं शिकवणं बदलायचं आणि बदलाने खरंच काही झालं का ते प्रामाणिकपणे तपासायचं, एवढाच त्याचा विषय. डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाने तो 'कृतिसंशोधन' या नावाने परीक्षेपुरता वाचलेला असतो. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली ही कल्पना मांडली, स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ती अमेरिकेतल्या शाळांत आणली आणि १९७५ मध्ये इंग्लंडच्या लॉरेन्स स्टेनहाउस यांनी ठामपणे सांगितलं की शिकवण्यावरचं संशोधन शिक्षकाने स्वतः केल्याशिवाय वर्गात काही बदलत नाही. आपल्याकडे ही कल्पना आली ती मात्र नमुन्यात बसून आली. शीर्षक, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, परिकल्पना, कार्यवाही, निष्कर्ष, शिफारशी. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद नवोपक्रमांची स्पर्धा घेते, त्यात मनापासून केलेली कामं येतात हे मान्य. पण असे अहवाल ओळीने वाचायला घेतले की एक गोष्ट खटकू लागते. त्यांतला कुठलाच उपक्रम फसत नाही.

तो फसत नाही, कारण तो फसू शकणार नाही अशीच त्याची मांडणी असते. पूर्वचाचणी जूनमध्ये होते. मुलं नुकतीच आंबे, काजू, मुंबईचे पाहुणे आणि सुट्टी उरकून आलेली असतात, गेल्या वर्षीचं निम्मं विसरलेली असतात. उत्तरचाचणी दिवाळीच्या आधी होते. मधल्या चार महिन्यांत बाईंनी काहीही केलं असतं, अगदी नेहमीचंच शिकवलं असतं, तरी गुण वाढलेच असते. ते वाढलेले गुण मग तक्त्यांच्या, भेंड्यांच्या किंवा मोबाइलवरच्या खेळाच्या नावावर जमा होतात. यात कुणाची लबाडी नाही. तुलना कशाशी करायची, हा प्रश्न शिक्षकाला कधी कुणी नीट समजावून दिलेला नाही, इतकंच.

दुसरा घोळ टक्केवारीचा. सिंधुदुर्गात एका वर्गात आठ मुलं हा चांगला पट मानावा लागतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची आधीच्या दहा वर्षांच्या मानाने घटली होती: ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर आणि शाळेत मुलं कमी, अशी इथली स्थिती. तर आठ मुलांत एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. चाचणीच्या दिवशी एकाला ताप आला, एक जण आंगणेवाडीच्या जत्रेला मामाकडे गेला, की 'अध्ययन निष्पत्ती' पंचवीस टक्क्यांनी खाली. आचऱ्याला गावपळण लागली तर अख्खं गावच तीन दिवस वेशीबाहेर. त्या आठवड्याच्या हजेरीवरून कुणी निष्कर्ष काढलेच तर ते ग्रामदेवतेला सादर करावेत! आठ मुलांच्या वर्गात टक्केवारी हे मापच चुकीचं आहे. तिथे आठ नावं लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे त्या मुलाने काय केलं ते लिहावं. मुंबईच्या साठ मुलांच्या वर्गातल्या शिक्षकाला हे परवडणार नाही. आपल्याला परवडतं आणि तरीही आपण त्याची नक्कल करत टक्के काढत बसतो.

इथूनच या प्रस्तावनेचं मुख्य म्हणणं सुरू होतं. लहान शाळेकडे सरकारी कागदात अडचण म्हणून पाहिलं जातं. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय राज्यात झाला, तेव्हा कोकणातल्या वाड्यावाड्यांत धास्ती पसरली. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने ती पुन्हा वर आली. जवळची शाळा नकाशावर जवळ असते. जुलैत मधला व्हाळ भरला आणि साकव पाण्याखाली गेला की ती किती लांब असते, हे पहिलीतल्या मुलाच्या आईला विचारावं. पण हा वाद इथे वाढवायचा नाही. लहान शाळा ठेवावी की न ठेवावी यावर सगळे बोलतात. लहान शाळेत शिकवणं कसं असावं, यावर फार थोडे. आंबोली घाट चढून गेलं की लागणाऱ्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्यांनी १९५३ सालीच एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. अशी शाळा ही नाइलाजाने चालवायची गोष्ट नाही, तिची स्वतःची शिकवण्याची पद्धत असते, हे तेव्हापासून कुणीतरी सांगतं आहे.

त्या पद्धतीला पुढे चांगले पुरावे मिळाले आणि त्यांतला सगळ्यात गाजलेला पुरावा मुंबईचा आहे. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच तरुण मुली 'बालसखी' म्हणून नेमल्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात त्याची काटेकोर तपासणी केली. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणून तुलना खरी होती. मूल ज्या पायरीवर आहे तिथून शिकवलं तर ते पुढे सरकतं. इयत्तेच्या पुस्तकाला धरून बसलं तर मागचं मागेच राहतं, असा त्याचा ढोबळ निष्कर्ष. आता आपली द्विशिक्षकी शाळा आठवा. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. दुसरीतला अडलेला पहिलीच्या मुलांबरोबर सहज बसतो, पहिलीतली हुशार चेडू दुसरीचं वाचून दाखवते आणि त्यात कुणाची मान खाली जात नाही. मोठ्या शाळांत जी रचना मुद्दाम करावी लागली, ती इथे छपराखाली आधीच आहे. कोलंबियात विकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात खेड्यातल्या अशाच बहुवर्ग शाळा घेऊन 'एस्क्वेला नुएवा' ही पद्धत उभी केली. आपण मात्र बहुवर्ग अध्यापन हा शब्द प्रशिक्षणात ऐकतो आणि शाळेत परत येऊन दोन फळ्यांवर दोन इयत्तांचे दोन वेगवेगळे धडे लिहितो.

अर्थात दोन शिक्षकांची शाळा कागदावर दोघांची असते. आंतरजिल्हा बदल्या झाल्या की त्यातला एक घाटावर जातो, त्याच्या जागेवर वर्ष-वर्ष कुणी येत नाही आणि उरलेल्याला पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आणि मतदार यादी यांतून वेळ काढून चार इयत्ता शिकवायच्या असतात. त्याला संशोधन करा म्हणणं ही क्रूर थट्टा वाटू शकते. म्हणूनच इथे सुचवलेल्या गोष्टी वेगळा वेळ मागणाऱ्या नाहीत. रोजच्या शिकवण्यात कान आणि डोळे कुठे ठेवायचे, एवढंच त्यांत आहे.

पहिलं उदाहरण थांबण्याचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती मोजल्या. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात आणि उत्तर आलं नाही की दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, न विचारता बोलणारी मुलं वाढतात, 'माहीत नाही' कमी होतं. आता मालवणच्या किनाऱ्यावरच्या पहिलीच्या वर्गाची त्यात भर घाला. प्रश्न प्रमाण मराठीत येतो. मूल तो मालवणीत समजून घेतं, मालवणीत उत्तर जमवतं आणि मग तोंड उघडण्याआधी ते पुस्तकातल्या मराठीत उलटवतं. त्याला तीन सेकंदही अपुरे पडतील. 'बाई, माका येणा नाय' हे बऱ्याचदा अज्ञान नसतं, घाई असते. मोबाइलवर अर्ध्या तासाचं ध्वनिमुद्रण करून घरी ऐकायला बसलं तर हे कुठल्याही शिक्षकाला मोजता येईल. ऐकताना लाज वाटते, त्याची तयारी ठेवावी.

भाषेचा हा अडसर नवा नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून १९७४ साली निघालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या वंचित मुलांबरोबर काम केलं. मुलांना विज्ञान कळत नाही असं जे वाटतं, त्यात पुस्तकाच्या भाषेचा वाटा मोठा आहे, हे त्यांना दिसलं. पुढे पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांचा सलग पाठपुरावा करून वाचन-लेखनाचा अभ्यास झाला. वाड्याच्या बहुतेक मुलांची घरची भाषाही शाळेच्या मराठीहून वेगळी होती. सिंधुदुर्गाबद्दल एक गोड गैरसमज असा की मालवणी म्हणजे नाटकातली गंमत. 'वस्त्रहरण' पाहून सगळा महाराष्ट्र हसला, तेव्हा ती सगळ्यांना समजतेच. नाटकाला आलेला प्रेक्षक मोठा असतो. सहा वर्षांच्या मुलाला 'पावसाळ्यात ओढ्याला पूर का येतो?' विचारलं तर ते गप्प राहील. 'व्हाळाक हौर कित्याक येता?' म्हटलं तर कदाचित डोंगरावरचा पाऊस, वाटेतली शेतं आणि गेल्या वर्षी वाहून गेलेला साकव, सगळं सांगेल. 'कदाचित' मुद्दाम म्हटलं. सांगेलच असं नाही आणि प्रत्येक मूल सांगेल असंही नाही. तेच तर तपासायचं आहे. एकाच घटकावरचे निम्मे प्रश्न एका भाषेत, निम्मे दुसऱ्या भाषेत, पुढच्या घटकाला उलटापालट. आठ नावं आणि त्यांची उत्तरं. चार आठवड्यांत वहीत जे येईल ते कुठल्याही 'पूर्वचाचणी-उत्तरचाचणी'पेक्षा अधिक विश्वासाचं असेल, कारण इथे मुलाची तुलना त्याच्याशीच होते आहे.

अंकांची गोष्ट अशीच आणि ती महाराष्ट्राने मोठ्या आवाजात अनुभवली आहे. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' अशी वाचनाची जोड दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. मराठीत 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि लिहिताना चार आधी लिहायचा असतो, त्यात मुलं अडतात, ही त्यामागची साधी अडचण. मग वाहिन्यांवर चर्चा झाल्या, विधिमंडळात विनोद झाले, भाषेच्या अस्मितेचा प्रश्न उभा राहिला. त्या गदारोळात दुसरीतल्या मुलांच्या वह्या फारशा कुणी उघडल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. जर्मन भाषेतही दोन अंकी संख्या अशाच उलट म्हणतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की संख्या ऐकून लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटेपणाशी निगडित होत्या. आपल्याकडे किती? वीस संख्या तोंडी सांगून लिहून घ्यायला दहा मिनिटं लागतात. ४७ चे ७४ किती जणांनी केले, 'एकोणसाठ' ऐकून ६९ कुणी लिहिले, 'त्रेसष्ट' आणि 'त्र्याहत्तर' यांत कोण गोंधळलं, हे वेगवेगळं नोंदवलं की कळतं की या तीन वेगळ्या चुका आहेत आणि तिन्हींना एकच औषध चालणार नाही. ६९ लिहिणाऱ्याला 'साठ' नीट ऐकू आलं आहे, 'एकोण' मधली वजाबाकी त्याला कळलेली नाही. त्याची चूक ७४ लिहिणाऱ्यापेक्षा वेगळ्या जागेवरून आली आहे.

चुकीला जागा असते, कारण असतं. ते शोधणं म्हणजेच या पुस्तकाच्या दृष्टीने संशोधन. बाकी तक्ते, आलेख, शिफारशी नंतरच्या.

किनाऱ्यावरच्या मुलाच्या बाबतीत ते कारण कधी कधी शाळेबाहेर सापडतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा एक छोटा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाला हिशेब सांगताना त्यांची ९८.२ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं शाब्दिक उदाहरणं म्हणून दिली तर ७३.७, आणि नुसते आकडे मांडून दिले तर ३६.८. पाचच मुलं, तरी जगभर त्याचा विचार झाला, कारण प्रत्येक मुलाने हिशेब कसा केला हे संशोधकांनी शब्दन् शब्द लिहून ठेवलं होतं. २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर मोठा अभ्यास आला, त्यातही हाच दुरावा दिसला. आणि त्याची दुसरी बाजूही दिसली, की शाळेचं गणित येणाऱ्या मुलांना बाजाराचं जमत नाही. मालवणात सकाळी मासळीचा लिलाव बघणारं, आईबरोबर वाटे लावणारं मूल आपल्या वर्गात बसलेलं असतं. रापणीचा मासा विकला, खर्च वजा गेला, उरलेल्याचे वाटे झाले. यात भागाकार आहे, प्रमाण आहे, बाकीही आहे. पण सावधपणे. 'आपण मासळीवरून गणित शिकवू' असं ठरवून पाठ्यपुस्तकातल्या सफरचंदांच्या जागी बांगडे लिहिले, तर फक्त फळाचा मासा होतो. मूल बाजारात कसं मोजतं, गट करतं की दुपटीने जातं की वरून मोजत येतं, हे आधी ऐकायला हवं. आणि वर्गातल्या सगळ्या मुलांच्या घरी होडी नसते, हेही ध्यानात असू द्यावं. कट्टा, पोईपच्या बाजूला गेलं की समुद्र संपतो, भातशेती आणि काजू सुरू होतात.

आधी बघायचं आणि मग करायचं, ही सवय मराठी शिक्षणाला परकी नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या; पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावल्या. वारली मुलं शाळेत येत नाहीत, यावर त्यांनी भाषण केलं नाही. ती का येत नाहीत ते पाहिलं. मुलं गुरांमागे कुरणात असतात हे दिसल्यावर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा उपक्रम म्हणून आपण शिकतो. त्याच्या आधीचं पाहणं विसरतो. अलीकडे साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले, २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि राज्यभरातून शिक्षक त्या शाळा बघायला गेले. परत आले ते फरशीवर रंगवायच्या आकृत्या घेऊन. कुमठ्याच्या शिक्षकांनी आपल्या मुलांकडे पाहून जी उत्तरं काढली, ती आपण रंगासकट उचलली आणि प्रश्न तिथेच ठेवून आलो. कित्येक शाळांत त्या आकृत्यांवर आता बाकं मांडलेली दिसतात.

एक गोष्ट मोठ्या शहरातल्या संशोधन-पुस्तकात सापडणार नाही, म्हणून इथे सांगायला हवी. मुलांची नावं बदलून लिहा, असा नियम असतो. बारा मुलांच्या शाळेत नाव बदलून भागत नाही. 'तिसरीतला, वडील मुंबईला, आजीकडे राहणारा मुलगा' एवढं लिहिलं की वाडीतल्या कुणालाही तो ओळखू येतो आणि त्याला वाचता येत नाही हे चतुर्थीला आलेल्या चाकरमान्यांपर्यंत पोहोचतं. तपशील गाळला तर नोंद पोकळ, ठेवला तर मूल उघडं. पुढच्या प्रकरणांत यावर दोन-तीन वाटा सुचवल्या आहेत, एकही पूर्ण समाधानकारक नाही. आजीला आधी वाचून दाखवणं, ही त्यांतली मला सगळ्यात बरी वाटते.

आणि शेवटी वहीचं काय करायचं तो प्रश्न. शाळेत हजेरीपट असतो, तांदळाची नोंदवही असते, भेटपुस्तिका असते. बाईंनी सहा वर्षं मुलांच्या चुका लिहून ठेवलेली वही मात्र कुठल्याच कपाटाची नसते. बदली झाली की ती सामानात बांधली जाते आणि नवे गुरुजी त्याच मुलांना पहिल्यापासून ओळखायला लागतात. केंद्राची शिक्षण परिषद ठरावीक दिवशी भरतेच. दहा-बारा शाळांचे शिक्षक एका खोलीत येतात, दुपारपर्यंत माहिती मागवणारी पत्रकं वाचली जातात. त्यातला पहिला तास एखाद्या शिक्षकाने आपल्या वहीतली दोन पानं, फसलेल्या प्रयत्नासकट, वाचून दाखवायला ठेवावा आणि त्याची एक प्रत केंद्रशाळेत राहावी. केंद्रप्रमुखाला त्यासाठी वरून आदेश लागत नाही. पत्रकं जेवणानंतरही भरता येतात.